नॉकआउटची लेन

४ जून
ईजीएफआर या रिसेप्टर प्रथिनाची अँटीबॉडी आज पोचली. खोक्यातले जेल पॅक अजून गार होते, म्हणून जिवात जीव आला. झाकणाला चिकटलेले थेंब सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवून खाली आणले, मग दहा-दहा मायक्रोलिटर वेगवेगळ्या नळ्यांत भरून उणे वीसला ठेवले. पुन्हा पुन्हा गोठवली-वितळवली की ती कामातून जाते. लेबलवर लिहिलंय: सशातली, पॉलिक्लोनल. म्हणजे ससा बदलला की आतलं मिश्रणही बदलणार.

५ जून
एमएस्सीच्या प्रोजेक्टला आलेल्या मुलीने विचारलं, "ताई, कंपनीने तपासलेलीच असते ना? मग आपण ती पुन्हा तपासण्यात कशाला एवढे दिवस घालवायचे?" रास्त प्रश्न आहे. तिला स्वीडनमधल्या गटाचा २०१७चा पेपर वाचायला दिला. इस्ट्रोजेन रिसेप्टर बीटासाठीच्या १३ अँटीबॉडी त्यांनी पारखल्या. ऊतींच्या तपासणीत भरवशाची निघाली एकच, तीही फारशी कुणी न वापरलेली. त्या अँटीबॉडीने पाहिलं तर स्तनाच्या ऊतीत, निरोगी असो वा कर्करोगाची, हा रिसेप्टर दिसेना. आणि त्या ऊतीतल्या त्याच रिसेप्टरवर वर्षानुवर्षं ढीगभर पेपर निघाले होते! कितीजणांची उमेदीची वर्षं, रुग्णांनी विश्वासाने दिलेल्या किती ऊती त्यात खर्ची पडल्या असतील, या विचाराने मला अजून वाईट वाटतं.

८ जून
तीन प्रकारच्या पेशी घेतल्या. ए४३१ ही त्वचेच्या कर्करोगातून आलेली, ईजीएफआरने गच्च भरलेली. नोबेलविजेते स्टॅनली कोहेन यांच्या प्रयोगशाळेने या रिसेप्टरचा अभ्यास हिच्यावरच केला. दुसरी साधी हेला. तिसरीही हेलाच, पण क्रिस्परने ईजीएफआरचा जीन निकामी केलेली, म्हणजे नॉकआउट. ती शेजारच्या लॅबने दिली. माझ्या मते सगळी परीक्षा या तिसरीच्या हातात आहे. रिसेप्टर आहे तिथे पट्टी उमटली, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. नाही तिथे उमटता कामा नये.

११ जून
वेस्टर्न ब्लॉट केला: आठ टक्क्यांचं जेल, पीव्हीडीएफ मेम्ब्रेनवर ट्रान्सफर, रात्रभर चार अंशांवर अँटीबॉडी, सकाळी टीबीएसटीचे वॉश, मग दुय्यम अँटीबॉडी आणि ईसीएल. ए४३१च्या लेनमध्ये १७० किलोडाल्टनच्या जरा वर काळीभोर, जाड पट्टी. हेलात बारीक. नॉकआउटमध्ये त्या जागी काही नाही. जीएपीडीएचची पट्टी तिन्हींत सारखी, म्हणजे ती जागा कोरी राहिली ती प्रथिन कमी भरल्यामुळे नव्हे.

मुलीने ईजीएफआरचा हिशेब मांडला होता: १,२१० अमिनो आम्लं, वजन साधारण १३४ किलोडाल्टन. मग पट्टी इतकी वर का? कारण पेशी या प्रथिनाला बाहेरच्या अंगाने शर्करेच्या साखळ्या जोडते. त्यांचं वजन त्या १३४मध्ये धरलेलंच नाही. तिचा चेहरा खुलला.

पण ७०च्या आसपास एक फिकट पट्टी तिन्ही लेनमध्ये आहे. नॉकआउटमध्येही! तो ईजीएफआर नव्हे. अँटीबॉडी आणखी कुठल्यातरी प्रथिनाला चिकटते आहे.

१४ जून
त्या फिकट पट्टीने चैन पडू दिली नाही. पेशी काचेवर स्थिर करून फ्लुरोसन्समध्ये पाहिल्या. नॉकआउट पेशीही मंद हिरव्या चमकल्या. ब्लॉटवर वजनानुसार खरं-खोटं वेगळं करता येतं. सूक्ष्मदर्शकाखाली सगळंच हिरवं. शेजारी नॉकआउट नसती, तर ही चमक आम्ही रिसेप्टर म्हणून छापली असती.

लॅबच्या मॅडमशी बोलून ठरवलं, ही अँटीबॉडी फक्त ब्लॉटसाठी वापरायची. डब्यावर मार्करने लिहिलं: 'ईजीएफआर, केवळ वेस्टर्न, १:१०००. नवा लॉट आला की नॉकआउट लेन पुन्हा.'

पेपर लिहिणाऱ्या सगळ्यांना एक विनंती: ब्लॉट न कापता अख्खा छापा, नको असलेल्या पट्ट्यांसकट, आणि खाली लॉट नंबर द्या.