माळ विझली, वीज नाही



एरवी मी बियाणे-खतांविषयी लिहितो. आज दिव्यांच्या माळेविषयी लिहितो आहे, कारण धडा मला स्वतःला मिळाला.

गेल्या दिवाळीत आमच्या धाकट्याने आर्डुइनो आणला. हा तळहातावर मावणारा छोटा संगणक. सांगून ठेवाल तशी माळ तो लावतो, विझवतो. त्याच्या पिनेतून निघतात अवघे ५ व्होल्ट, आणि घरची वीज २३० व्होल्ट. म्हणून मध्ये रिले लागतो. पंपाच्या स्टार्टरमधली कॉइल जे काम करते, तेच हा लहान प्रमाणात करतो.

माळ विझलेली पाहून मी ओल्या अंगणात ती सरळ करू लागलो. उघड्या जोडावर बोट पडले अन् जोराचा झटका बसला! पायात रबरी चप्पल होती म्हणून निभावले. टेस्टर लावला, तर विझलेल्या माळेत वीज! रिले फेजऐवजी न्यूट्रल तोडत होता. पोराला काय बोलणार? जोडणी तपासायला हवी होती मीच.

आता आम्ही १२ व्होल्टची एलईडी माळ लावतो. अ‍ॅडॉप्टर घरात, कोरड्या जागी. अंगणात जातात फक्त १२ व्होल्ट. घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही वायरमनकडून बसवून घेतला.

पोरांना अशा खटपटीपासून अडवू नका, शेजारी बसा. फक्त २३० व्होल्टला त्यांचा हात लागू देऊ नका. आणि माळ विझलेली दिसली, तरी आधी प्लग काढा, मगच हात लावा.