सहा जिनला एक माणूस

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये मी फिटर आहे. पाळी नसली की संध्याकाळी आखाड्यात लाठी. वस्तादांचा एकच धोशा: काठीच्या टोकाकडं पाहू नको, समोरच्याच्या खांद्याकडं पाहा. टोक भिंगरीसारखं फिरतं, त्यामागं नजर गेली की वार बसलाच. दोघं-तिघं एकदम अंगावर आले तर नजर कोणावरच रोखायची नाही. सगळे डोळ्यांत ठेवायचे आणि पायांचा आवाज ऐकायचा.

जिनपाशी हेच कामी येतं. चामड्याचे दोन रोलर, प्रत्येकाला टेकलेली सुरी. रुई ओढली जाते, सरकी खाली झडते. ओला कापूस आला की रोलरला गुंडाळतो आणि जिनचा आवाज जड होतो. मग करपल्याचा वास. पण वास येईस्तोवर थांबायचं नसतं, रुईला एक ठिणगी पुरते. म्हणून हात एका जिनवर आणि कान बाकीच्यांवर.

या हंगामात कान फार थकला. केंद्रानं १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. अमेरिकेनं २७ ऑगस्टपासून आपल्या बऱ्याच मालावर ५० टक्के शुल्क बसवलं, तेव्हा कापडवाल्यांना कच्चा माल तरी स्वस्त मिळावा, हा हिशेब. तिरुपूरच्या शिलाई कामगारावर माझा राग नाही, त्यालाही पोट आहे. पण ही सवलत नेमकी आमच्या वेचणीच्या तोंडावर आली. बाहेरच्या गाठी स्वस्त, म्हणून इथला व्यापारी हमीभावाच्या खाली मागू लागला. लांब धाग्याचा हमीभाव तेव्हा ८,११० रुपये क्विंटल होता. सुका कापूस तेवढ्यासाठी सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर गेला. १२ टक्क्यांवर ओलावा असला की केंद्र घेत नाही, आणि पावसानं तर यंदा पाठ सोडली नव्हती. तो भिजका माल पडत्या भावात आमच्या दारी.

म्हणजे माल वाईट, आणि नफा नाही म्हणून माणसंही कमी. चार जिनला एक होता, तिथं सहाला एक झाला. ढिगातून कवडी, काड्या, खडे निवडणाऱ्या बाया निम्म्यावर आल्या. त्यातली एक म्हातारी रोज सुटताना मुकादमाला विचारायची, "उद्या येऊ का भाऊ?" तो म्हणायचा, "सांगीन ना बाई." तिनं निवडायचे ते खडे आता माझ्या रोलरखाली यायचे.

वस्तादांना हे सांगितलं. ते म्हणाले, "किती जणांसंगं खेळून राह्यला तू?"

"सहा."

"चारच्या वर तं म्या बी कोणाले शिकवलं नाही बाप्पा."

होळीआधीच जिन थांबले. आखाड्यातली दोन पोरं चाकणला कंपनीत लागली. पुढच्या हंगामाला किती माणसं घेणार, ते मालकानं अजून सांगितलेलं नाही.