बदकाच्या उंचीची होडी

शिरोळ तालुक्यात पूर चढला की गुऱ्हाळातली काईल पाण्यावर येते. उसाचा रस आटवायची ती लोखंडी पत्र्याची भली थोरली कढई, बुडाला सपाट. गुळव्यानं हंगामभर जिच्यात गूळ काढला, तिच्यातच मग म्हातारी माणसं, शेरडं, धान्याची पोती बसतात आणि पट्टीचे पोहणारे तिला ढकलत कोरड्या जमिनीकडं नेतात. २००५, २०१९, २०२१ असे महापूर बघितलेल्या माणसाला तरंगण्याचं शास्त्र निराळं शिकवावं लागत नाही. आठ फूट व्यासाच्या काईलीत पन्नास किलोचं माणूस बसलं, तर ती जेमतेम सेंटिमीटरभर खाली जाते; पसारा मोठा म्हणून भार वाटला जातो. खोड एकच. तिला तोंड ना शेपूट, त्यामुळं वल्हं मारलं की पुढं सरकण्याआधी ती स्वतःभोवती गिरकी घेते.

पूर ओसरतो, हिवाळा येतो आणि माझ्या डोक्यात दुसरीच होडी घोळू लागते. जयसिंगपुरातून कुठल्याही दिशेला निघा, ऊस आणि पाणी सोबत असतं. अतिपाण्यानं क्षारपड झालेल्या जमिनीही या तालुक्यात पुष्कळ. ज्या तुकड्यात ऊस धरत नाही तिथं पाणी साचतं, पाणकणीस माजतं आणि शेतकरी ज्या रानाकडं पाठ फिरवतो त्यात बदकं उतरतात. हळदी-कुंकू इथलंच, बारमाही. थापट्या आणि तलवार बदक हिमालय ओलांडून आलेले पाहुणे. काठावरून पाहिलं तर सगळेच ठिपके. जवळ जायचं तर होडी हवी, मोटारसायकलवर मावणारी, एकट्यानं उचलता येणारी.

या प्रश्नावर जगात सगळ्यात जास्त डोकं चालवलं ते शिकाऱ्यांनी. अमेरिकेत न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर हेझेल्टन सीमन नावाच्या होडीकारानं १८३६ च्या सुमारास बारा फुटी, कासवपाठीची एक होडी बांधली. ती पाण्याबाहेर इतकी कमी दिसायची की वर गवत पसरून आत आडवं झालं की माणूस आणि होडी दोन्ही गायब. आपल्याकडच्या पाखरं धरणाऱ्यांनी तर होडीच वगळली. तळ्यात रिकामी मडकी तरंगत सोडायची, पाखरांना त्यांची सवय होऊ द्यायची, मग भोकं पाडलेलं एक मडकं डोक्यावर घेऊन गळ्याइतक्या पाण्यातून हळूहळू सरकायचं आणि बदकाचे पाय खालून धरायचे. दोन्ही युक्त्यांचं सार एकच: उभा माणूस बदकाला दुरून कळतो, पाण्यालगतचं डोकं कळत नाही.

जयसिंगपूर वसवणारे शाहू महाराज स्वतः नामांकित शिकारी; कोल्हापूरच्या चित्त्यांकरवी होणाऱ्या शिकारीची तर ख्यातीच होती. तो काळ गेला. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीनं परवान्याच्या शिकारीचीही वाट बंद झाली. बंदूक सुटली हे बरंच झालं. शिकाऱ्याचं पाण्यावरचं शहाणपण मात्र दुर्बीणवाल्यांनी वारसाहक्कानं घ्यायला हवं.

म्हणून मी होड्या त्या नजरेनं तपासतो. फुगवायची रबरी होडी घडी होऊन पाठीवर येते, दिसायलाही ऐटबाज. पण आपल्या तळ्यांच्या काठी वेडी बाभूळ उभी असते आणि तिच्या काट्याला ऐट कळत नाही. थर्माकोलचा तराफा हलका, फुकटात होणारा. पण अंग हललं की करकरतो आणि त्याचे पांढरे दाणे पाण्यात सुटतात. प्लॅस्टिकची कयाक तोंडाची सरळ, वेगाची पक्की. तिला न्यायला मात्र टेम्पो लागतो.

उरते ट्रकची ट्यूब. मधोमध गोणपाट ताणून बांधायचं, त्यावर बसायचं, पाय पाण्यात, हातांची वल्ही. अंगात लाईफ जॅकेट असावंच. पंक्चरवाल्यानं विचारलं, "सर, ट्यूब कशाला पायजे ओ?" म्हटलं, "बदकं बघायला." तो गालात हसला. "नुसती बघायला व्हय?" आणि ठिगळ घासत पुढं म्हणाला, "मग जुनीच न्या की, चालतीय."

ट्यूबमध्ये बसलं की डोळे पाण्यापासून दीड-दोन हातांवर येतात. मग हळदी-कुंकवाचं नाव सार्थ होतं: काळ्या चोचीचं पिवळं टोक आणि चोच कपाळाला मिळते तिथले दोन लाल ठिपके. थापट्याची पसरट चोच पाणी गाळत चाललेली दिसते. एखादी मान ताठ होते, मग दुसरी. माना उंचावल्या की हात थांबवायचे, हा तिथला कायदा.

इथंच बघणाऱ्याची जबाबदारी शिकाऱ्याहून मोठी ठरते. शिकारी छर्र्याच्या टप्प्यात, म्हणजे पस्तीस-चाळीस मीटरांवर आला की त्याचं काम भागायचं. कॅमेऱ्याची हाव तशी भागत नाही. कॅमेरावाला आणखी जवळ सरकतो, थवा उडवतो आणि दुसऱ्या दिवशी परत जातो. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाखरानं इथं चरून चरबी साठवायची असते, परतीच्या वाटेसाठी. आपल्यापायी घेतलेली प्रत्येक भरारी त्या शिदोरीतून खर्च होते.

तेव्हा वेग हा छोट्या होडीचा गुण मानूच नये. ट्यूब काईलीसारखीच गोल, हट्टी आणि मंद आहे. तिच्यात बसून कुणाचा पाठलाग करता येत नाही. किती जवळ यायचं हे त्यामुळं बदकच ठरवतं, आणि तळं त्याचं असल्यानं ते रास्तही आहे.