धारपांच्या मागच्या रांगेतले

विज्ञान चुकलं की विज्ञानकथा तिथेच संपली, असं मी अनेक वर्षं ठासून सांगत असे. अमरावतीत पदार्थविज्ञान शिकवत होतो आणि माझं माप ठरलेलं होतं, जयंत नारळीकर. त्यांची ‘यक्षांची देणगी’ मी मुलांच्या हातात आवर्जून ठेवायचो. नारायण धारप, द. पां. खांबेटे, गजानन क्षीरसागर, द. चिं. सोमण हे माझ्या लेखी भाड्याच्या लायब्ररीतून आणून रात्रीत उडवायचे लेखक.

आता तसं वाटत नाही. निवृत्तीनंतर मुलीकडे अकोल्याला येणंजाणं वाढलं आणि रद्दीतून उचललेले जुने दिवाळी अंक गाडीत सोबत येऊ लागले. त्यात अनंत अंतरकरांचं ‘नवल’ असायचं. बडनेऱ्याला बसलो की मूर्तिजापूर यायच्या आत एक कथा व्हायची. यंत्र कसं चालतं ते लेखक दोन वाक्यांत उरकायचा आणि पुढची दहा पानं त्या यंत्रापुढे उभ्या राहिलेल्या माणसाची असायची. मी नेमका त्या दोन वाक्यांवर अडून बसायचो. खांबेट्यांच्या कथेचं नावच बघा, ‘माझं नाव रमाकांत वालावलकर’. आपल्या शेजारी राहत असावा असा हा माणूस थेट विज्ञानकथेच्या शीर्षकात येऊन बसतो, ही हिंमत मला आज फार मोठी वाटते.

माझा विज्ञानाचा हट्ट तसा जुनाच. ह्युगो गर्न्सबॅकने 1926 मध्ये अमेरिकेत ‘अमेझिंग स्टोरीज’ हे विज्ञानकथांचं मासिक काढलं, तेव्हा कथेतून विज्ञान शिकवावं असाच त्याचा आग्रह होता. वाचक मात्र त्या स्वस्त, खरबरीत कागदाच्या मासिकांकडे थरारासाठी वळले आणि त्या गर्दीतूनच पुढचे मोठे लेखक आले.

मला सगळ्यात जास्त हलवलं ते मात्र खुद्द नारळीकरांनी. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 च्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं ते त्या अनोळखी जगतापला. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला आपली कथा नावाशिवाय जोखली जावी असं वाटलं, आणि मी मात्र सोमणांचं नाव दिसलं की पान उलटत होतो! नारळीकरांवरचं माझं प्रेम तसूभर कमी झालेलं नाही. शिकवायला आजही मी ‘यक्षांची देणगी’च देईन. रात्री जागायला मात्र क्षीरसागर घेईन.

अकोल्यातल्या एका जुन्या पुस्तकवाल्याला मी या लेखकांबद्दल विचारलं. तो म्हणाला, “धारप मांगतेत अजून लोकं, भाऊ. बाकीचे कोनी मांगत नाही.” धारपांना त्यांच्या कथेवरून सुचलेल्या ‘तुंबाड’ सिनेमानंतर नवे वाचक मिळाले, त्याचा आनंदच आहे. पण त्यांच्या मागच्या रांगेतल्यांची पानं आता हात लावला तरी तुटतात आणि पुन्हा छापणारं फारसं कोणी नाही. अमरावती-अकोल्याच्या वाचनालयांनी निर्लेखनात हे अंक काढून टाकू नयेत, एक कपाट त्यांच्यासाठी ठेवावं. माझ्याकडचा गठ्ठा मी बांधून ठेवला आहे. जे वाचनालय कपाट देईल, त्याला तो नेऊन देईन.