टिटवाळ्याहून ऐरोलीच्या खाडीकाठी

महागणपतीमुळे सर्वपरिचित असलेल्या टिटवाळ्याजवळून काळू नदी वाहते. पुढे ती उल्हासला मिळते आणि उल्हासचा एक अरुंद फाटा ठाण्यापाशी खाडीशी जोडलेला आहे. काळूत सोडलेले निर्माल्य किंवा प्लास्टिकची पिशवी कोठवर जाऊ शकेल, हा विचार नदीकाठी क्वचितच मनात येतो. ऐरोलीला तो टाळता येत नाही.

लोकलने ठाणे, तेथे गाडी बदलून ऐरोली, एवढाच हा प्रवास. वनविभागाच्या कांदळवन कक्षाने येथे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र उभारले आहे. दालने माहितीपूर्ण आहेतच. परंतु रचनाकारांची खरी सूज्ञता जागेच्या निवडीत दिसते. बाहेर पडताच कांदळवन समोर येते आणि नाव खाडीत नेते. चिखलातून वर डोकावणारी श्वासमुळे, ओहोटीला उघडी पडलेली दलदल, तीत चोच उलटी धरून सूक्ष्म शैवाल गाळणारे रोहित पक्षी, त्या आहारातूनच पिसांना लाभणारा गुलाबी रंग. काचेच्या पेटीत हे कसे मांडणार?

चौरस फुटांचा भाव जाणणाऱ्या शहराला ही दलदल पडीकच वाटे. वस्तुतः कांदळवने किनाऱ्याची धूप रोखतात, मासळीच्या पिलांना आसरा देतात. २०१५ मध्ये येथील सुमारे १७ चौरस किलोमीटर क्षेत्र फ्लेमिंगो अभयारण्य झाले. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत पक्षी दिसतात. नावेची वेळ भरतीवर ठरते, म्हणून आधी चौकशी करून निघावे.