पन्ना दिखाओ

‘सगळ्यांत थोर कोणता ते नाही विचारलं. तुझा कोणता ते सांग, आणि का ते दाखव.’

लोधी गार्डनमध्ये शीश गुंबदाच्या अलीकडे, हिरवळीवर अंथरलेल्या चादरीवर बसून फरिदाबादच्या एका मुलीने रोहिणीहून आलेल्या एका मुलाला असं बजावलं. माझी भाची कानाशी लागून म्हणाली, ‘मावशी, आता बघ.’ डिसेंबरातला रविवार होता. या दिवसांत जरा ऊन पडलं की दिल्लीची माणसं घरात थांबत नाहीत. आजूबाजूला डबे उघडले होते, किन्नू सोलले जात होते. आमच्या चादरीवर मधोमध पुस्तकांची चळत होती आणि भोवती गाझियाबाद, गुडगाव, फरिदाबाद अशा चारी दिशांनी मेट्रोने आलेली विशी-पंचविशीची मंडळी होती. त्यांच्यात पन्नाशीची मी एकटी.

भाची कॉलेजसाठी दिल्लीला आली तेव्हापासून नोएडाला आमच्याकडेच राहते. तिच्या फळीवर एकाच नावाची, पाठीवरचा आकडा तेवढा बदलत जाणारी पुस्तकं वाढत चालली होती. माझं चित्रकथांचं वाचन इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळापासून सुरू झालं आणि वर्तमानपत्रातल्या ‘चिंटू’पाशी थांबलं. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा, एवढंच माहीत. ओखल्याच्या मैदानात दर डिसेंबरला कॉमिक कॉन भरतं, तिथे ही मुलं रंगीत केसांचे टोप घालून जातात, हेही माहीत होतं. पण आपला सर्वांत आवडता मांगा कोणता यावरून कुणी दुपारभर इतकं कळवळून भांडेल, हे मला नवं होतं.

पहिला तासभर मला काही म्हणजे काही कळलं नाही. माणसांची नावं कोणती, पुस्तकांची कोणती, तेच उलगडेना. ‘आर्क’ म्हणजे मोठ्या कथेतला एक सलग टप्पा. ‘शोनेन’ म्हणजे किशोरवयीन मुलांच्या मासिकातलं, ‘सेइनेन’ म्हणजे मोठ्या पुरुषांच्या मासिकातलं. भाची मधे मधे कुजबुजून सांगत होती. पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं, चौकटीही त्याच क्रमाने. रंग नाहीत, सगळं काळ्या शाईत. कथा आधी मासिकात किंवा साप्ताहिकात एकेक प्रकरण करून येते आणि मग तिचे खंड निघतात. ‘शोनेन जंप’ हे त्यातलं सर्वांत गाजलेलं नियतकालिक १९६८ साली सुरू झालं, आणि १९९०च्या दशकाच्या मध्याला त्याचा खप ६५ लाखांवर गेला होता. अंकासोबत वाचकांसाठी पोस्टकार्ड असतं. या अंकातल्या कोणत्या कथा आवडल्या ते लिहून पाठवायचं. कौल सतत खाली राहिला तर कथा गुंडाळावी लागते. तेव्हा कोणती कथा चांगली, हा वाद या चित्रकथांच्या जन्मापासूनच त्यांच्या सोबत आहे. कथा जगते की मरते ते त्यावर ठरतं.

या मंडळींचा नियम एकच. कुणी कितीही जोरात काही म्हणो, समोरचा हात पुढे करून म्हणणार, ‘पन्ना दिखा.’ तारीफ नको, किती प्रती खपल्या ते नको. पान उघड.

रोहिणीच्या मुलाने ‘वन पीस’ मांडला. एइचिरो ओदाने १९९७ साली सुरू केलेली ही समुद्री चाच्यांची कथा, शंभराहून जास्त खंड झाले तरी चालूच आहे. ‘मी सातवीत सुरू केला, आता नोकरीला लागलो,’ तो म्हणाला. दोघं-तिघं एकदम तुटून पडले. लांबी म्हणजे गुण नव्हे, सुरुवातीची चित्रं भाबडी आहेत, पन्नास खंडांनंतर छान होतं असं कुणाला सांगायचं नसतं! त्याने उत्तर दिलं नाही. चळतीतून एक पातळ खंड काढला आणि माझ्यासमोर धरला. नामी नावाची मुलगी जमिनीवर बसून रडते आहे. जिने कुणाकडे कधी मदत मागितली नाही, ती शेवटी मागते. लुफी हा पोरगेला कप्तान आपल्या डोक्यावरची गवती टोपी काढून तिच्या डोक्यावर ठेवतो आणि चालू लागतो. मुलाने सांगितलं, ही टोपी तो कुणाला हात लावू देत नाही. मागची कथा मला ठाऊक नव्हती. तरीही टोपीखाली झाकलेला तो चेहरा मी बराच वेळ पाहत राहिले.

भाचीने ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ची बाजू घेतली. हिरोमु आराकावा ही त्याची लेखिका-चित्रकार होक्काइदोतल्या दूधदुभत्याच्या शेतावर वाढली, आणि स्वतःचं चित्र काढायचं झालं की गाय काढते. २००१ ते २०१०, २७ खंड, आणि कथा पूर्ण. भाचीचं म्हणणं असं की पहिल्या खंडात पेरलेलं शेवटच्या खंडात कापता येणं हीच लेखकाची खरी ताकद. ज्याला शेवट करता आला नाही त्याला सर्वोत्तम म्हणणं म्हणजे उधारीवर गुण देणं. हे बोलताना तिने गाझियाबादच्या मुलाकडे पाहिलं, कारण त्याच्या मांडीवर ‘बर्सर्क’ होता.

‘बर्सर्क’चे कर्ते केंतारो मिउरा २०२१च्या मे महिन्यात, वयाच्या ५४व्या वर्षी अचानक वारले. १९८९ साली सुरू केलेली त्यांची कथा अधुरी राहिली. त्यांचे शाळेपासूनचे मित्र कोउजी मोरी हेही मांगाकारच. मिउरांनी कित्येक वर्षांपूर्वी त्यांना सगळी कथा शेवटापर्यंत सांगून ठेवली होती. मिउरांनी आपल्याला जे सांगितलं तेवढंच कागदावर येईल, आपल्या पदरचं काही घालणार नाही, असा शब्द देऊन २०२२पासून मोरी आणि मिउरांचे साहाय्यक ही कथा पुढे नेत आहेत.

दिल्ली-गाझियाबादच्या माणसाला २०२१चा मे महिना कशासाठी आठवतो, ते सांगायला नको. त्या मुलाचे वडील आजारी होते. ऑक्सिजनचा सिलिंडर भरून घ्यायच्या रांगेत तो रात्र रात्र उभा असायचा आणि मोबाइलवर ‘बर्सर्क’ वाचायचा. मिउरा गेल्याची बातमी त्याला त्याच रांगेत कळली. वडील वाचले. हे सगळं त्याने सपाट आवाजात सांगितलं आणि पान उघडलं: रात्रीची टेकडी, खाली सैनिकांच्या छावणीतल्या असंख्य शेकोट्या, वर बसलेला कथानायक गट्स सोबतच्या कास्काला सांगतो आहे की यातली प्रत्येक शेकोटी म्हणजे कुणाचं तरी एकेक लहानसं स्वप्न आहे. एवढ्या क्रूर कथेत इतकं मऊ पान असेल, असं मला वाटलं नव्हतं.

मला वाटलं, आता कोण काय बोलणार? पण फरिदाबादची मुलगी बोलली, आणि नीट बोलली. ‘तुझं सगळं खरं आहे. पण ती रांग मिउराने काढलेली नाही. तिचं श्रेय त्याला कसं?’ मुलाने थोडा विचार केला. ‘त्या रांगेत मी बाकीचंही उघडून पाहिलं होतं. दोन पानांत बंद करायचो. हा एकच बंद झाला नाही. मग हे श्रेय कुणाचं?’

मी मराठी वाचणारी बाई. २०२५च्या फेब्रुवारीत तालकटोरा स्टेडियमवर तारा भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरलं, तेव्हा गर्दीत धक्के खात पुस्तकं घेतली आणि धन्य झाले. आवडत्या लेखकासाठी मीही वाद घातले आहेत. पण आपल्या गप्पांत लेखकाची भूमिका येते, त्याचा काळ येतो, त्याच्यावर कुणाची छाप आहे ते येतं. पुस्तक हातात घेऊन ‘हे पान, ही ओळ’ म्हणणारा माणूस क्वचित भेटतो. त्या चादरीवरच्या मुलांना जपानी येत नव्हतं, कुणी साहित्याचा विद्यार्थी नव्हता. तरी एका चौकटीतली रिकामी जागा का रिकामी सोडली आहे, यावर ती भांडत होती. याला मी रसिकता म्हणते, आणि ती मला आदराची वाटली.

चळतीत एक पुस्तक वेगळं होतं, चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाचं. गुडगावच्या मुलीने ते आणलं होतं. युकिची यामामात्सु नावाचे मांगाकार २००४ साली, पन्नाशी उलटल्यावर, दिल्लीला आले. हिंदी येत नाही, इंग्रजी येत नाही. हिरोशी हिराता यांचा १९६२चा एक सामुराई मांगा हिंदीत करून इथे विकायचा, एवढा एकच ध्यास. जातीने हीन ठरवलेल्यांच्या चित्रणावरून निषेध झाल्यामुळे तो मांगा जपानमध्येच अनेक वर्षं बाजाराबाहेर होता. यामामात्सुंनी दिल्लीत भाषांतर करणारा शोधला, हिंदी पुस्तक छापून घेतलं आणि रस्त्यावर उभं राहून विकायला काढलं. फारसं कुणी घेतलं नाही. जपानला परतल्यावर त्यांनी या सगळ्याचाच मांगा काढला, आणि त्याचं इंग्रजी रूप ब्लाफ्टने आणलं. त्या मुलीच्या मते आपला आवडता मांगा म्हणजे हाच. ज्याने आपल्या आवडीसाठी इतकी पायपीट केली त्याच्यापुढे बाकीच्यांचे दावे फिके आहेत. याही म्हणण्यावर ‘पन्ना दिखा’ झालं. तिने दिल्लीच्या गल्लीचं पान उघडलं. तारांची जाळी, गाय, रिक्षा, फतकल मारून बसलेली माणसं. आपण रोज ओलांडतो ती दिल्ली पाहुण्याच्या रेघेत.

त्यानंतर मी वाचायला लागले. लाजपत नगरच्या जपान फाउंडेशनच्या ग्रंथालयात जाऊन बसू लागले. फुमियो कोउनोंचं हिरोशिमावरचं ‘नीरव संध्या का शहर, साकुरा का देश’ हिंदीत मिळालं. भाषांतर तोमोको किकुचींचं, प्रकाशन वाणीचं. बॉम्ब पडून दहा वर्षं झालेल्या शहरातली एक तरुण मुलगी, आणि आपण वाचलो याचं तिला वाटणारं ओझं. देवनागरीत वाचलेला हा माझा पहिला मांगा. मराठीतही असं कुणीतरी करावं, असं फार फार वाटतं.

पण ज्याला मी माझा म्हणेन तो दुसराच निघाला: ताकेहिको इनोउए यांचा ‘व्हॅगाबाँड’. एइजी योशिकावांच्या ‘मुसाशी’ कादंबरीवरून १९९८ साली सुरू झाला, ३७ खंड आले आणि २०१५पासून थांबला तो थांबलाच. मुसाशी हा तलवारबाज. इतकी माणसं मारतो की सुरुवातीला मला खंड खाली ठेवावासा वाटला. मग शेवटाकडे तो एका दरिद्री गावात येतो. इओरी नावाचा पोरका मुलगा आणि काहीही न देणारी जमीन. तिथे तो तलवार बाजूला ठेवून कुदळ उचलतो. ज्या अंगाला वार करायची सवय, ते आता वाकायला शिकतं. गावातला एक म्हातारा शेतकरी त्याला पाणी समजावून सांगतो. पुढे उपासमार येते, आणि कुणापुढे मान न झुकवलेला हा माणूस गावासाठी धान्य मागायला सत्तेपुढे डोकं टेकवतो.

माझे वडील बीड जिल्ह्यात कोरडवाहू शेती करायचे. खांदे पुढे, मान खाली, आणि मधेच थांबून जमिनीकडे नुसतं बघत राहणं, हे मी लहानपणी बांधावरून पाहिलेलं आहे. इनोउएंनी ब्रशच्या चार-दोन फटकाऱ्यांत ती पाठ काढली आहे. मराठी कथा-कादंबऱ्यांत मी दुष्काळ पुष्कळ वाचला. शेतकऱ्याची पाठ इतक्या जवळून पाहिली नव्हती.

पुढच्या बैठकीला, या वेळी आमच्याच घरी, मी तेच पान उघडलं. रोहिणीच्या मुलाने विचारलं, ‘आंटी, पण मुसाशीचं त्याचा प्रतिस्पर्धी कोजिरोशी द्वंद्व होतच नाही, त्याच्या आधीच मांगा थांबतो. मग?’ मला ते द्वंद्व वाचायचं आहेच. इनोउएंनी ते काढावं, असं मनापासून वाटतं. पण शेताचा भाग त्यासाठी अडून राहिलेला नाही. गावात धान्य पोचलं, तिथे तो भाग पुरा होतो.

भाचीला हे पटलं नाही. पूर्ण कथेचा तिचा आग्रह कायम होता. तिने आत जाऊन ‘विनलँड सागा’ आणला आणि माझ्या हातात दिला. माकोतो युकिमुरांनी २००५ साली सुरू करून २०२५ साली तो रीतसर पूर्ण केला आहे. ‘शेतीच हवी असेल तर हा वाच. शेवटासकट मिळेल.’ मी वाचला. तोरफिन हा लढवय्या गुलाम होऊन दुसऱ्याच्या शेतावर येतो, सोबत्याबरोबर झाडं तोडतो, बुंधे उपटतो, गहू पेरतो, आणि मत्सरी गडी ते उभं पीक उपटून टाकतात. तोरफिनचं मन बदलत जातं ती प्रकरणं ‘व्हॅगाबाँड’पेक्षा जास्त भरीव आहेत, हे मी भाचीला मोकळेपणाने सांगितलं. तरी माझं मत बदललं नाही. तोरफिनच्या पिकाचा घात माणसं करतात, आणि माणसांशी बोलता येतं, लढता येतं. मुसाशीचं भांडण जमिनीशी आणि पाण्याशी आहे. माझ्या वडिलांचंही तेच होतं. भाची म्हणाली, हे कारण वडिलांचं झालं, पुस्तकाचं नाही. दोन्ही शेतं शेजारी शेजारी ठेव आणि रेघेत काय फरक आहे तेवढंच सांग. मग दोन्ही खंड जेवणाच्या टेबलावर उघडून आम्ही बसलो. तिचं बोट तोरफिनच्या हातांवर होतं, माझं मुसाशीच्या पाठीवर, आणि आमचं एकमत झालं नाही.