बेअर क्रीकची हिरवी गाळणी

अमेरिकेच्या आयोवा राज्यात ऑगस्ट महिन्यात मोटारीने फिरावे, तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना मका आणि सोयाबीन, सोयाबीन आणि मका! नजर पोहोचेल तिथवर तिसरे पीक दिसत नाही. डे मॉईन या राजधानीच्या उत्तरेला एम्स हे विद्यापीठाचे शहर आहे. तेथून पुढे रोलंड या छोट्याशा गावाजवळ मात्र शेतांमधून एक वळणदार हिरवी रेघ गेलेली दिसते. आधी पुरुषभर उंचीचे गवत, मग झुडपे, मग झाडे. या सगळ्यांच्या आड एक ओढा वाहत असतो. त्याचे नाव बेअर क्रीक.

हा ओढा जेमतेम ३५ किलोमीटर लांबीचा. पूर्वी नांगर अगदी त्याच्या काठापर्यंत फिरे. पाऊस झाला की शेतातली काळीभोर माती आणि खते थेट ओढ्यात उतरत. १९९० साली आयोवा स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी एका शेतकऱ्याच्या जमिनीत काठालगत सुमारे २० मीटर रुंदीचा हा पट्टा लावला. शेताकडे गवत, मध्ये झुडपे आणि पाण्यालगत झाडे, अशी त्याची रचना आहे.

शेतातून धावत येणारे पाणी प्रथम गवताच्या ताठ, दाट बुंध्यांना अडते. त्याचा जोर मोडतो, ते पसरते आणि सोबतची माती तिथेच बसते. मुळांनी भुसभुशीत केलेल्या जमिनीत ते मुरूही लागते. शेजारच्या नांगरलेल्या शेतात तासाभरात जेवढे पाणी मुरते, त्याच्या पाचपट या पट्ट्यात मुरते, असे मोजणीत आढळले. वाहत्या पाण्यातली ९५ टक्के माती एकट्या गवताने अडवली. झाडे-झुडपे धरून हे प्रमाण ९७ टक्क्यांवर गेले.

पण खतातला नायट्रेट मातीसारखा तळाशी बसत नाही. तो पाण्यात साखरेसारखा विरघळलेला असतो. पिण्याच्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढले, तर तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते. बेअर क्रीकचे पाणी डे मॉईनच्या नळांना जात नाही; पण त्या शहराचे दुखणे हेच आहे. नायट्रेट काढण्यासाठी तिथे १९९२ साली खास यंत्रणा उभारावी लागली. तरीही जून २०२५ मध्ये नद्यांतला नायट्रेट इतका वाढला, की त्या भागात घरापुढच्या हिरवळीला पाणी घालण्यावर बंदी आली!

यावरचा उपाय पट्ट्याच्या पोटात आहे. ओल्या, हवा न पोहोचणाऱ्या मातीतले सूक्ष्म जीव नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि उरलेला नायट्रोजन वायुरूपाने हवेत सोडून देतात. अट एकच, पाणी तिथे रेंगाळले पाहिजे.

नेमकी इथेच गोम होती. आयोवाची पुष्कळशी जमीन मुळात पाणथळ. ती पेरणीजोगी करण्यासाठी जुन्या शेतकऱ्यांनी जमिनीखाली मातीच्या नळ्या पुरल्या. शेतात मुरलेले पाणी या नळ्यांतून पट्ट्याखालून सरळ ओढ्यात जाऊन पडते. वर पहारा कडेकोट आणि खाली भुयार!

२०१० साली बेअर क्रीकवरच यावर तोड निघाली. पट्ट्याच्या तोंडाशी नळीवर एक पेटी बसवली आणि तिला जोडून ओढ्याला समांतर अशी सच्छिद्र नळी पुरली. पाणी आता तिच्यातून पाझरत, मुळांमधून हळूहळू ओढ्याकडे सरकते. मोठ्या पावसात जादा पाणी जुन्याच वाटेने निघून जाते, त्यामुळे पीक बुडत नाही. पहिल्या दोन वर्षांत नळीतले निम्मे पाणी असे वळवता आले आणि त्यातला नायट्रेट जवळजवळ सगळाच नाहीसा झाला.

पाहुण्याला दाखवण्यासारखे इथे फारसे काही नाही. बांधाशी पेटीचे एक झाकण, वाऱ्यावर डोलणारे गवत आणि झाडांच्या सावलीतला ओढा. पण काळ्या सोन्यासारख्या जमिनीतले २० मीटर शेतकऱ्याने सोडले आहेत, ते खालच्या अंगाला राहणाऱ्या अनोळखी घरांसाठी.